रॅमचा ब्रँड निवडताना: ठाणे-नवी मुंबईतल्या पीसीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो आणि बरीच वर्षं सोसायटीतल्यांचे, नातेवाइकांचे, लहान ऑफिसांचे पीसी जोडून आणि सुधारून देतो. रॅम वाढवायची म्हटलं की कळव्यापासून नेरूळपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "कुठल्या कंपनीची घेऊ?" त्यामागोमाग जे प्रश्न येतात तेही आता मला पाठ झालेत. फोनवर तीच उत्तरं घाईघाईत देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

सरळ सांगा, कुठल्या कंपनीची रॅम घ्यायची?

किंग्स्टन, कॉर्सेअर, जी.स्किल, एडेटा, टीमग्रुप, आणि दुकानात शिल्लक असेल तर क्रुशल. यांतली कुठलीही घ्या. फक्त ती तुमच्या मदरबोर्डला चालणारी असावी, दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) हव्या असतील तर दोन्ही एकाच पाकिटातल्या असाव्यात, आणि पक्कं बिल हातात असावं. हे तीन मुद्दे ब्रँडच्या नावापेक्षा मोठे आहेत. रॅमवरून झालेला मनस्ताप मी जितक्या घरांत पाहिला, त्यातला बहुतेक या तिन्हीपैकी एकात चूक झाल्याने होता.

कारण असं की रॅमच्या स्टिकवर ज्या काळ्या चौकोनी चिप असतात, त्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच आहेत. सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दक्षिण कोरियाच्या, मायक्रॉन अमेरिकेची. तैवानची नान्या आणि चीनची सीएक्सएमटी यांच्याही चिप बाजारात दिसतात, पण सगळ्यात मोठा वाटा या तिघींचाच. किंग्स्टन, कॉर्सेअर, जी.स्किल स्वतः चिप बनवत नाहीत. त्या चिप विकत घेतात, तपासून प्रतवारी लावतात, पट्टीवर बसवतात आणि आपल्या नावाने विकतात. वाशीच्या एपीएमसीत आंब्याच्या पेटीवर नाव व्यापाऱ्याचं असतं आणि फळ कोकणातल्या कुणाच्या तरी बागेतलं असतं, तसंच हे. चांगला व्यापारी फळ निवडून भरतो आणि पेटी खराब निघाली तर बदलून देतो. रॅमच्या ब्रँडकडूनही मी एवढ्याच दोन गोष्टी मागतो.

मग सगळे ब्रँड सारखेच झाले की!

अगदी तसंही नाही. एकाच कारखान्यातून निघालेल्या सगळ्या चिप एकाच वेगाने पळू शकत नाहीत. ज्या जास्त वेगात आणि कमी व्होल्टेजवर स्थिर राहतात त्या महागड्या मालिकेत जातात, बाकीच्या साध्या मालिकेत. म्हणून एकाच ब्रँडच्या दोन मालिकांमध्ये जेवढा फरक असतो, तेवढा दोन ब्रँडच्या सारख्या मालिकांमध्ये बहुधा नसतो. किंग्स्टनची साधी व्हॅल्यूरॅम आणि किंग्स्टनचीच फ्युरी यांची तुलना करा, म्हणजे लक्षात येईल. फ्युरी हे नाव आधी किंग्स्टनच्याच हायपरएक्स या गेमिंग ब्रँडखाली होतं. २०२१ मध्ये किंग्स्टनने हायपरएक्सचा गेमिंगचा धंदा एचपीला विकला, पण रॅम स्वतःकडे ठेवली.

दुसरी गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. एकाच मॉडेल नंबरच्या पाकिटात या महिन्यात एका कंपनीची चिप आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची चिप असू शकते. कॉर्सेअरच्या लेबलवर बारीक अक्षरात व्हर्जन नंबर छापलेला असतो, त्याच्या पहिल्या आकड्यावरून चिप कोणाची ते कळतं. ३ असेल तर मायक्रॉन, ४ असेल तर सॅमसंग, ५ असेल तर हायनिक्स. म्हणजे मित्राने मागच्या वर्षी घेतलेली आणि तुम्ही आज घेतलेली "तीच" रॅम आतून वेगळी असू शकते. पुढे जुन्या-नव्याच्या जोडीचा प्रश्न येतो, तिथे ही गोष्ट लक्षात ठेवा.

मला रॅम वाढवायची खरंच गरज आहे का?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. दिवसभराचं नेहमीचं काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. वापर सतत ८० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. ५०-६० टक्के असेल आणि तरीही पीसी रखडत असेल, तर आजार दुसरा आहे. बऱ्याच जुन्या पीसीत विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असते. तिथे आधी एसएसडी बसवा, रॅमचे पैसे वाचवा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून विंडोज ११ साठी रॅम वाढवू का असं विचारणारे खूप झालेत. कागदोपत्री ४ जीबी पुरते. प्रत्यक्षात ८ जीबीवर ब्राउझर आणि एक्सेल कसंबसं चालतं, १६ जीबीवर माणूस शांतपणे काम करतो. व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या रॉ फाइल्स किंवा आर्किटेक्चरची सॉफ्टवेअर असतील तर ३२ जीबी.

माझ्या पीसीला डीडीआर ३ लागते, ४ की ५?

हे मदरबोर्ड ठरवतो, ब्रँड नाही. डीडीआर ३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या आहेत, त्या एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. डीडीआर ४ आणि ५ दोन्हींना २८८ पिना आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. बसत नसेल तर जोर लावू नका. स्लॉट फुटला की मदरबोर्डच बदलावा लागतो.

ढोबळमानाने सांगायचं तर इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीपर्यंत डीडीआर ३, सहाव्यापासून अकराव्यापर्यंत बहुतेक ठिकाणी डीडीआर ४. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीत मदरबोर्डप्रमाणे डीडीआर ४ किंवा ५. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरमध्ये एएम ४ बोर्ड असेल तर डीडीआर ४, एएम ५ असेल तर फक्त डीडीआर ५. बोर्डाचं पूर्ण नाव सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मेनबोर्डच्या पानावर दिसतं. त्या नावाने बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जा, चालणाऱ्या रॅमची यादी असते. यादीत तुमची स्टिक नसली म्हणजे ती चालणारच नाही असं नाही, पण असली तर मनाला स्वस्थता मिळते.

फार जुने एच ६१ किंवा एच ८१ बोर्ड असतील तर कमाल मर्यादा १६ जीबीची आहे, हेही ध्यानात घ्या.

जुन्या ८ जीबीच्या शेजारी दुसऱ्या कंपनीची ८ जीबी लावली तर चालेल?

बहुतेक वेळा चालते. पण या "बहुतेक वेळा"मुळे मी स्वतः एकदा लोकांना त्रास दिला आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

नौपाड्यातलं एक लहानसं कर सल्लागाराचं ऑफिस. पीसीत २६६६ स्पीडची ८ जीबीची एक जुनी स्टिक होती. शेजारी दुसऱ्या ब्रँडची ३२०० ची ८ जीबी मी लावून दिली. पीसी चालू झाला, १६ जीबी दिसली, सगळे खूश. तीन दिवसांनी फोन आला की एक्सेलची मोठी फाइल उघडली की निळा स्क्रीन येतो. रिटर्न भरायचे शेवटचे दिवस होते. मी आधी विंडोजवर संशय घेतला, मग एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर. शेवटी रॅमची टेस्ट लावली. एकेक स्टिक वेगळी लावली तर रात्रभर एकही चूक नाही. दोन्ही जोडीने लावल्या की तिसऱ्या फेरीत चुका. दोन्ही स्टिक निर्दोष होत्या, पण त्यांचं एकमेकींशी जमत नव्हतं. बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून, स्पीड २४०० वर उतरवला तेव्हा मुदत कशीबशी निभावली, आणि नंतर एकाच पाकिटातली जोडी आणून बसवली. त्या चार दिवसांत त्या ऑफिसातल्या दोन मुली रात्री नऊपर्यंत थांबत होत्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

असं का होतं? वेगळ्या स्टिक एकत्र लावल्या की बोर्ड दोघींनाही झेपेल असा स्पीड आणि टाइमिंग निवडतो, म्हणजे वेगवान स्टिक मंद स्टिकच्या चालीने चालते. इथवर ठीक. पण टाइमिंगचे डझनावारी बारीक आकडे असतात, त्यांतले बरेच बोर्ड स्वतः अंदाजाने लावतो. चिप वेगळ्या कंपनीच्या, त्यांची रचना वेगळी, म्हणून एखाद्या वेळी तो अंदाज चुकतो.

तरी जोडी जुळवायचीच असेल तर जुनी स्टिक काढून लेबलचा फोटो घ्या. पिढी, जीबी, स्पीड, सीएल (याचा अर्थ पुढे सांगतो) आणि व्होल्टेज या पाच गोष्टी जुळवा. किंग्स्टनचं लेबल वाचायला सोपं आहे. केएफ४३२सी१६ असं लिहिलं असेल तर ४ म्हणजे डीडीआर ४, ३२ म्हणजे ३२०० आणि सी १६ म्हणजे सीएल १६. केव्हीआर२६एन१९ म्हणजे व्हॅल्यूरॅम, २६६६, सीएल १९. एवढं जुळलं तर ब्रँड वेगळा असूनही निभावण्याची शक्यता चांगली. आणि दुकानदाराकडून "नाही जमलं तर सात दिवसांत बदलून देईन" हे आधी कबूल करून घ्या.

डीडीआर ५ मध्ये मात्र मी ब्रँड मिसळत नाही. तिथे वेग जास्त, सहनशक्ती कमी.

१६ जीबीची एक स्टिक घेऊ की ८-८ च्या दोन?

दोन. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये असतील तर ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता दुपदरी होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक डोळ्याला दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. एकटी स्टिक लावलेल्या, नावाच्या शेवटी जी असलेल्या रायझेन प्रोसेसरवर गेम अडखळत असेल, तर त्याला दुसरी स्टिक द्या, मग बघा.

चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक शेजारीशेजारी लावायच्या नसतात. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट, बहुतेक बोर्डांवर हेच. नक्की काय ते बोर्डाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं.

डीडीआर ५ असेल तर चारही स्लॉट भरायचा मोह टाळा. रायझेन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत स्पीड ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. पुढे ६४ जीबी लागणार असं वाटत असेल तर आजच ३२-३२ ची जोडी घेणं शहाणपणाचं.

३२०० बसची रॅम घेतली, पण पीसीत २६६६ दिसतंय. फसवलं का?

बहुधा नाही. पाकिटावर छापलेला स्पीड बऱ्याच स्टिकवर आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची वेगाची सेटिंग चालू करावी लागते. एएमडीच्या डीडीआर ५ बोर्डांवर त्यालाच एक्स्पो म्हणतात. ते केलं नाही तर स्टिक आपल्या साध्या मूळ स्पीडवर चालते.

दुसरं कारण प्रोसेसर आणि बोर्ड. इंटेल आय ५-१०४०० हा दहाव्या पिढीचा प्रोसेसर एच ४१० बोर्डावर असेल तर २६६६ च्या वर जातच नाही, तुम्ही ३६०० ची सोनेरी पट्टी लावा की साधी. ठाण्यातल्या असेंबल पीसींमध्ये हा संच मला खूप वेळा भेटतो. अशांनी महागड्या स्पीडचे पैसे अजिबात देऊ नयेत. ३२०० ची साधी स्टिक २६६६ वर निमूट चालते आणि पुढच्या बोर्डावरही उपयोगी पडते.

सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं म्हणून घाबरणारेही असतात. ते सॉफ्टवेअर निम्मा आकडा दाखवतं, कारण डीडीआर क्लॉकच्या एका ठोक्याला दोनदा डेटा पाठवते. १६०० म्हणजे ३२०० च.

सीएल १६, सीएल २२ याचा अर्थ काय? जास्त पैसे द्यावेत का?

मागितलेली वस्तू रॅम किती ठोक्यांनी देते, तो हा आकडा. नुसता सीएल बघून उपयोग नाही, स्पीडबरोबर बघायचा. सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३२०० सीएल २२ म्हणजे १३.७५. डीडीआर ५ मध्ये ६००० सीएल ३० पुन्हा १०, आणि ५६०० सीएल ४६ साधारण १६.४. दुकानात दोन ब्रँडची पाकिटं हातात घेऊन उभे असाल तेव्हा मोबाइलवर हा हिशोब करा, कुठलं नाव मोठं यापेक्षा जास्त कळेल.

ऑफिसच्या कामाला हा फरक जाणवत नाही. गेमिंगला थोडा, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला बऱ्यापैकी. एएम ५ च्या रायझेनसाठी ६००० सीएल ३० हा मला सगळ्यात समतोल पर्याय वाटतो, ब्रँड कुठलाही.

लाइटवाली, हीट सिंकवाली रॅम जास्त टिकते का?

नाही. साध्या स्पीडला हिरवी उघडी पट्टीही वर्षानुवर्षं चालते. दिव्यांची हौस असेल तर जरूर घ्या, पण उंच हीट सिंक मोठ्या एअर कूलरखाली अडकतो. आधी मोजा.

भाव एवढे का वाढलेत? थांबलं तर उतरतील का?

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जे चढले ते कित्येक स्टिकच्या बाबतीत दुपटीच्याही वर गेले. याचं मूळ एआयच्या डेटा सेंटरमध्ये आहे. तिथल्या ग्राफिक्स चिपना एचबीएम नावाची खास मेमरी लागते आणि सर्व्हरनाही भरमसाट रॅम लागते. ती बनवणाऱ्याही त्याच तीन कंपन्या. कारखान्याची ताकद ठरावीक, त्यामुळे जिथे नफा जास्त तिकडे माल वळला आणि आपल्या घरच्या पीसीच्या स्टिक कमी पडल्या. ठाण्याहून वाशीला ट्रान्सहार्बरने जाताना ऐरोली, रबाळे या भागातून जातो. तिथल्या एमआयडीसीच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या भल्यामोठ्या इमारती उभ्या आहेत. या धंद्याची भूक जगभर किती वाढली आहे, त्याचा अंदाज आपल्याला खिडकीतूनच येतो.

डीडीआर ४ वाल्यांना तर दुहेरी फटका बसला, कारण मोठ्या कंपन्यांनी २०२५ मध्ये तिचं उत्पादन कमी करायला सुरुवात केली होती. जुनी गोष्ट स्वस्त असते हा आपला अनुभव इथे उलटला.

गुजरातमधल्या साणंदला मायक्रॉनने २०२३ मध्ये प्रकल्प उभारायला घेतला, मग भारतात स्वस्त होईल का, असं काही जण विचारतात. तिथलं काम चिपची जोडणी आणि चाचणी एवढं आहे, ज्यांतून चिप कापतात त्या मूळ चकत्या बाहेरून येतात. भाव जगाच्या बाजारात ठरतो.

थांबायचं का, यावर माझं मत असं. काम अडलं असेल तर आज लागते तेवढीच घ्या, "पुढे लागेल" म्हणून दुप्पट घेऊ नका. काम अडलं नसेल तर एसएसडी, विंडोजची साफसफाई आणि ब्राउझरच्या टॅबची शिस्त यांवर काही महिने निघतात.

क्रुशल बंद होणार म्हणे. मग घेऊ नये का?

क्रुशल हा मायक्रॉनचाच ब्रँड. चिपपासून पाकिटापर्यंत सगळं एका घरचं, म्हणून ऑफिसांसाठी मी वर्षानुवर्षं तीच सुचवत आलो. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की ग्राहकांना विकायचा क्रुशलचा धंदा बंद करणार, दुकानांना माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत जाईल आणि विकलेल्या मालाची वॉरंटी पुढेही पाळली जाईल. मला मनापासून वाईट वाटलं.

दुकानात शिल्लक माल मिळाला आणि भाव इतरांसारखाच असेल तर घ्यायला हरकत नाही. पण एक स्टिक आज आणि दुसरी पुढच्या वर्षी असा बेत क्रुशलबाबत करू नका, जोडी लगेच घ्या. बिल इतर कुठल्याही ब्रँडपेक्षा जपून ठेवा. "शेवटचा माल" म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर सरळ दुसरा ब्रँड बघा.

लाइफटाइम वॉरंटी म्हणजे नेमकं काय?

तुमच्या हयातीची नाही आणि बिनशर्तही नाही. मोठे ब्रँड बहुतेक रॅमवर मर्यादित लाइफटाइम वॉरंटी देतात. स्टिक आपोआप बिघडली तर बदलून मिळते. जळकी खूण, तुटलेली चिप, खरवडलेलं लेबल असेल तर नाही. लेबलवरचा सीरियल नंबर हाच तुमचा पुरावा, म्हणून दिसायला बरं वाटावं म्हणून हीट सिंकवरचं स्टिकर काढणाऱ्या मुलांना मी नेहमी थांबवतो. हीट सिंक तर काढूच नका.

जोडी घेतली असेल तर दावा करताना बऱ्याच कंपन्या दोन्ही स्टिक मागतात, एकच बिघडली असली तरी. त्या काळात पीसी बंद राहील हे गृहीत धरा. म्हणून जुनी स्टिक लगेच विकू नये.

आणि एक प्रश्न दुकानातच विचारा, "वॉरंटीला स्टिक घेऊन मी जायचं कुठे?" ब्रँड भारतात कोणामार्फत येतो आणि बदली कुठे मिळते हे दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. माझ्या मते दोन ब्रँडमध्ये निवड अडली असेल तर निकाल या उत्तरावरच लावावा. ज्याची बदली लोकलच्या अंतरावर मिळते तो घ्या.

लॅमिंग्टन रोडला जाऊ, ठाण्यातून घेऊ, की ऑनलाइन?

लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्न पकडायची. पूर्ण पीसी जोडायचा असेल तर जाण्यात अर्थ आहे. निवड भरपूर, चार दुकानांत भाव विचारता येतो. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. एका स्टिकसाठी मात्र अर्धा दिवस घालवून जेवढे वाचतात, त्यापेक्षा जवळचा दुकानदार बरा, कारण बिघडली तर त्याच्याकडे संध्याकाळी जाता येतं.

नौपाडा, स्टेशन परिसर किंवा वाशीत विचारताना भाव १८ टक्के जीएसटीसह विचारा. "बिल नको असेल तर कमी करतो" याला नाही म्हणा. बिलाशिवायची लाइफटाइम वॉरंटी हा नुसता शब्द असतो. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या, नुसतं "८ जीबी रॅम" चालणार नाही.

ऑनलाइन घेतली तर विकणारा कोण ते बघा, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ घ्या, आणि परत करायच्या मुदतीच्या आत टेस्ट पूर्ण करा. कोणी ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

हिरवी सॅमसंग किंवा हायनिक्सची स्टिक खूप स्वस्त मिळते आहे. घ्यावी?

त्या बहुधा कंपनीच्या पीसीतून काढलेल्या किंवा पीसी बनवणाऱ्यांसाठी आलेल्या असतात. माल दणकट असतो, माझ्या घरी अशी एक जोडी वर्षानुवर्षं चालू आहे. पण ग्राहकाला कंपनीची थेट वॉरंटी मिळत नाही, जी काही असेल ती दुकानदाराची. जुन्या डीडीआर ३ पीसीला जीव द्यायचा असेल तर हाच मार्ग उत्तम. नव्या मशिनसाठी नको.

अगदी स्वस्त अनोळखी ब्रँडमध्ये आत कुणाची चिप आहे ते बाहेरून कळत नाही, आणि दोन स्टिकमध्येही वेगळी असू शकते. मुलाच्या अभ्यासाच्या पीसीला चालेल. ज्या पीसीवर कोणाचे हिशोब आहेत तिथे मी ती लावणार नाही.

डेटा सेंटरमधून निघालेली सर्व्हरची रॅम?

रजिस्टर्ड प्रकारची असेल तर घरच्या बोर्डावर चालणारच नाही, ३२ जीबी कितीही स्वस्त मिळाली तरी. लेबलवर स्पीडच्या आकड्यामागोमाग आर हे अक्षर दिसलं की खाली ठेवा (जीबीच्या आकड्यापुढच्या १आर, २आर मधला आर वेगळा).

खोटी रॅम ओळखायची कशी?

स्टिक लावा, सीपीयू-झेडमध्ये एसपीडीचं पान उघडा. मॉड्यूल बनवणारा, चिप बनवणारा, जीबी, मॉडेल नंबर सगळं दिसतं. लेबलवरचा नंबर आणि पडद्यावरचा नंबर जुळला पाहिजे. लेबलवर मोठं नाव आणि पडद्यावर ती जागा कोरी, हे चांगलं लक्षण नाही. सीरियल नंबर ब्रँडच्या साइटवर टाकून बघा, किंवा त्यांच्या ग्राहकसेवेला फोटो पाठवा.

लॅपटॉपलाही हेच लागू?

ब्रँडबाबत हो. स्टिक मात्र छोटी लागते. घेण्याआधी खात्री करा की स्लॉट आहे, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते आणि वाढवता येत नाही.

नवी रॅम लावली आणि पीसी सुरूच होत नाही. खराब निघाली?

लगेच दुकानात धावू नका. डीडीआर ५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहतो, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. चहा ठेवा, वाट बघा.

तरीही नाही झालं तर प्लग काढा, स्टिक काढून पुन्हा बसवा. दोन्ही टोकांना टक असा आवाज आला पाहिजे, आणि नव्या माणसाला वाटतो त्यापेक्षा जास्त दाब लागतो. मग एकच स्टिक, मग दुसरी, मग दुसरा स्लॉट. जुन्या पीसीत पावसाळ्यात हे नेहमीचं. खाडीकाठच्या दमट हवेत पिनांवर थर चढतो. पांढऱ्या खोडरबरने सोनेरी पिना हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झटका, आणि आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. बायोस जुना असेल तर तोही अद्ययावत करून बघा, मात्र जुन्या रॅमवर.

टेस्ट कशी करू?

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ घ्या, फुकट आहे, पीसी त्यावरून सुरू करा आणि रात्री झोपताना लावून ठेवा. चार फेऱ्या पूर्ण होऊन एकही चूक नसावी. एक चूक म्हणजेही नापास. इथे "फक्त एकच आली" असं म्हणता येत नाही, कारण ती एक चूक उद्या तुमच्या फाइलमध्ये जाऊन बसते. एक्सएमपी बंद करून पुन्हा लावा. तेव्हा पास झाली तर गडबड स्पीडची, तरीही नापास झाली तर स्टिक बदलून घ्या.

जुनी स्टिक विकू का?

नवीवर रात्रभराची टेस्ट पास होऊन एक-दोन आठवडे नेहमीचं काम सुरळीत झालं, की मग. सध्याच्या भावात जुन्या डीडीआर ४ ला गिऱ्हाईक सहज मिळतं. डीडीआर ३ असेल आणि कोणी घेत नसेल, तर जवळच्या एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात विचारा. ४ जीबीची एक स्टिक त्यांचा एक बंद पडत आलेला पीसी आणखी एक वर्ष चालवते.